शिळ्या पाण्याची वही

६ जानेवारी २०१३, रविवार

सकाळी सात वाजता, नळाला पाणी आलेलं असताना, चार शिकलेली पोरं आमच्या चाळीच्या चौकात! बायकांच्या हातात हंडे, ह्यांच्या हातात फायली. कसब्यात पाणी येतं सव्वा तास. त्या सव्वा तासात बाई देवाशीसुद्धा बोलत नाही, आणि ह्यांना मुलाखत हवी.

म्होरकी निघाली आमच्या मेसमधलीच, नम्रता. मी सदाशिव पेठेत मुलींच्या मेसला पोळ्या लाटते, तिथं जेवते ती. इंजिनिअरिंगला आहे. बुलढाण्याकडची. मला म्हणते, "मावशी, कालचं पाणी काहून फेकता?"

म्हटलं, मग काय शिळं पाणी प्यायचं?

"पाणी शिळं नाही होत, मावशी."

घ्या! माझी आई रोज कालचं पाणी मोरीत ओतून ताजं भरायची. सासू तेच करायची. अख्खी पेठ तेच करते. आता बुलढाण्याहून येऊन आम्हाला सांगणार. तिच्या गावाला म्हणे दहा दिवसांनी नळ येतो. दहा दिवसांचं पाणी पिऊन पोरगी चांगली साडेपाच फूट वाढलीय, त्यामुळे मला फार बोलता येईना.

बरोबर तेजस म्हणून एक आहे. त्याच्या तोंडात मराठी चिमूटभर. "सस्टेनेबल प्रोजेक्ट आहे मावशी." सस्टेनेबल म्हणजे काय? "म्हणजे टिकाऊ." मग टिकाऊ म्हण की! आणि हा टिकाऊ प्रोजेक्ट किती दिवस आहे? "फेब्रुवारीपर्यंत. मग सबमिशन असतं."

प्रत्येक घराला एक वही दिली. रकाने आखलेले. रोज किती बादल्या ओतल्या ते लिहायचं. मी दोन उचलल्या. एक त्यांची. एक ही. चौथी शिकलेय, अक्षर वाईट नाही, नुसतं वाण्याच्या यादीवर वाया चाललंय.

८ जानेवारी

चार बादल्या ओतल्या. चार लिहिल्या. भिते का काय कुणाला!

१४ जानेवारी, संक्रांत

रतनचा फोन. माझ्या लेकीला चौथा महिना लागला.

मागच्या साली चौथ्यातच गेलं. हंडे उचलून गेलं असं मी म्हणते. नशिबानं गेलं असं तिच्या सासरचे म्हणतात. नशिबाला बरं, कंबर नसते.

खराडीला दिली तेव्हा तिथं ज्वारी होती. आता काचेच्या इमारती, आत कॉम्प्युटर. तिचे सासरे हिंमतराव, आमचे व्याही, त्यांनी जमीन विकली आणि टँकर घेतले. एक तुकडा ठेवला, त्यात विहीर. विहिरीचं पाणी टँकरनं सोसायट्यांना जातं. आणि विहीरवाल्याच्या सुनेला? टँकर भरून झाले की तळाचं उरेल ते. तेही तिनंच वाहून आणायचं. पाण्याच्या धंद्यात माणूस इतका गुंतलाय की घरी नळ घ्यायला सवड नाही बिचाऱ्यांना.

एप्रिलात सातवा लागेल. ओटी भरून इकडं आणायची. बाळंतपण माहेरीच व्हायचं, ती रीतच आहे. इथं तिला भांडंसुद्धा उचलू देणार नाही मी.

ह्या साली मला एवढं एकच हवंय. बाकीचं जग हलव्याचे दागिने घालून बसू दे.

२ फेब्रुवारी, शनिवार

पोरांनी वह्या गोळा केल्या. मी चोरून बाकीच्यांच्या चाळल्या. सगळ्यांच्या रकान्यात शून्य! वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य.

समोरच्या इंदुबाई. वयानं मोठ्या, सोवळं कडक. आज सकाळी दोन हंडे चौकातल्या मोरीत खळाखळा ओतले आणि त्याच ओल्या हातानं शून्य काढलं. मी डोळ्यांनी पाहिलं. विचारलं, अहो हे काय?

"अगं, परक्या पोरांपुढं घरचं काढायचं का? आणि नापास झालो म्हणजे चाळीचं नाव जायचं."

नापास! साऱ्या बायका परीक्षा समजून पेपर लिहीत होत्या. एकीनं दुसरीचं बघून लिहिलं असणार, शून्याची वळणंसुद्धा सारखी आहेत.

फक्त माझ्या वहीत रोज चार. तेजस म्हणाला, "मावशी, तुम्ही थोडं इंप्रूव्ह करा ना."

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रोजेक्टला कॉलेजात पहिलं बक्षीस. पेपरात फोटो. आमच्या चाळीनं म्हणे पाण्याची नासाडी शहाण्णव टक्के कमी केली. उरलेले चार टक्के म्हणजे मी.

पेपर वाचून दाखवायला इंदुबाई माझ्याच दारात उभ्या. मागं मोरीत त्यांची सून ओतत होती. बातमी नीट ऐकू येईना!

१८ फेब्रुवारी

नम्रता जेवायला बसली होती. तिच्या ताटात पोळी टाकली आणि सांगून टाकलं. सगळी शून्यं खोटी आहेत बाई. रोज ओततात.

ती जेवायची थांबली. "म्हणजे आमचा सगळा डेटा खोटा?"

म्हटलं, डेटा-बिटा मला माहीत नाही. बायका खऱ्या आहेत, तू आधी जेव.

जेवली नाही. उठून सरांकडे गेली. संध्याकाळी तोंड एवढंसं करून परत. सर म्हणाले, रिपोर्ट गेला, बक्षीस मिळालं, आता परीक्षेचं बघा. बरोबरच आहे! पृथ्वी फेब्रुवारीपर्यंतच वाचवायची होती.

२१ फेब्रुवारी

नम्रता पहाटे सहाला येऊन नळाशेजारी बसली. एकटी. तेजसला सबमिशन आहे.

कुणाला बोलली नाही, नुसती बसली. परिणाम झाला. बायका आता मोरीचं दार लावून ओततात.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज राहवलं नाही. ती पोरगी चौथा दिवस थंडीत बसलेली, आणि इंदुबाई तिच्यासमोरून हंडा घेऊन मोरीकडे निघाल्या. वर तिला म्हणाल्या, "बाळ, शिळ्या पाण्यानं पूजा होत नाही. तुमच्याकडं चालत असेल."

म्हटलं, इंदुबाई, थांबा. हे नळाचं पाणी कुठनं येतं?

"धरणातनं. सगळ्यांना ठाऊक आहे."

आणि धरणात कधी आलं?

इंदुबाईंनी हंडा ह्या कमरेवरनं त्या कमरेवर घेतला.

गेल्या पावसाळ्यात आलं. सहा महिने तिथं पडून आहे. त्यात म्हशी डुंबल्या, पोरं पोहली. तिथं सहा महिने ताजं, आणि तुमच्या घासलेल्या हंड्यात एका रात्रीत शिळं? मग पाण्याला नावं ठेवू नका, हंडा बदला.

साऱ्या चाळीनं ऐकलं. इंदुबाई लालेलाल. हंडा उचलून आत गेल्या, दार आपटलं. नम्रता मला म्हणते, "मावशी, असं नाही बोलायचं, लोक डिफेन्सिव्ह होतात." म्हटलं, तू चार दिवस काही बोलली नाहीस, तेव्हा काय झाले होते?

२५ फेब्रुवारी

इंदुबाईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी बाहेर आल्या. काल भरलेला हंडा समोर ठेवला. कुंडीतल्या तुळशीचं एक पान तोडून त्यात टाकलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुळशीपत्र पडलेलं पाणी शिळं होत नाही. आमचे आजोबा सांगायचे. शास्त्रात आहे."

आणि हंडा आत नेला. ओतला नाही!

हार मानायची नाही आणि ऐकायचंही. ह्याला म्हणतात कसब्यातली बाई.

२८ फेब्रुवारी

साऱ्या घरांत पानं. मीही टाकलं. देवासाठी नाही, इंदुबाईंचा डोळा माझ्या हंड्यावर असतो म्हणून.

मोरी सकाळी कोरडी होती. लग्न होऊन ह्या चाळीत आले तेव्हापासून पहिल्यांदा पाहिली. तिची फरशी लाल आहे, हे मला माहीतच नव्हतं.

५ मार्च, मंगळवार

शेजारच्या आळीत पान. पलीकडच्या दोन आळ्यांत पान. मंडईत तुळशीची रोपं महागली म्हणे, पण ती बातमी इंदुबाईंनी आणलीय, तेव्हा निम्मी धरायची.

तेजस उगवला. सबमिशन संपलं असावं. सगळं ऐकून नाराज. "पण मावशी, हे सायंटिफिक नाही. लोकांना रीझन कळलं पाहिजे."

म्हटलं, तुझा तो रंगीत तक्ता चौकात महिनाभर लावला होतास, त्याकडं बघून कुणी एक तांब्या वाचवला का? पानानं आठवड्यात वाचवला.

"पण उद्या पान नसलं तर?"

हे मात्र बरोबर बोलला. मी कबूल केलं नाही.

नम्रता हसत होती. म्हणाली आता आळ्या-आळ्यांतून जाऊ, खऱ्या बादल्या मोजू. परीक्षा तोंडावर आलीय हिची! घरचे तिकडं समजत असतील पोरगी अभ्यास करतेय.

१२ मार्च

एका कॉम्प्युटर कंपनीनं पोरांना दोनशे टी-शर्ट दिले. हिरवे. छातीवर 'पाणी वाचवा'. रंग असा जातो की धुवायला तीन पाणी लागतात.

आता म्हणे खराडीच्या एका मोठ्या सोसायटीत जायचं. चारशे घरं. "मावशी, तुम्ही बोलायचं. तुम्ही कम्युनिटी लीडर आहात." म्हटलं, मी पोळ्या लाटणारी आहे, पण रिक्षानं नेणार असाल तर येते. जाताना रतनकडं डोकावता येईल.

१७ मार्च, रविवार

काय तो हॉल! बाहेर ऊन आणि आत स्वेटर घालावा अशी थंडी. सेक्रेटरी शेफाली मॅडम. वयानं माझ्या निम्मी, पण मला 'आपण' म्हणाली, तेव्हा तिच्याबद्दल वाईट लिहिणार नाही.

आधी तिनं तिचा फ्लॅट दाखवला. ओट्यावर पाणी शुद्ध करायचं मशीन. मशीनमधून एक नळी निघते आणि सिंकमध्ये धो धो वाहते. हे काय? "ते रिजेक्ट वॉटर, काकू." एक तांब्या प्यायला मिळतो, तीन तांबे नळीतनं जातात. चारशे घरांत चारशे नळ्या! आमच्याकडं निदान बाई तरी ठरवते शिळं काय ते, इथं ते कामही मशीनला दिलंय.

हॉलमध्ये जाऊन म्हटलं, मला भाषण येत नाही. नळीखाली बादली ठेवा. त्यानं फरशी पुसा, गाड्या धुवा, संडासात ओता. नाही जमलं तर सांगा, आमच्या इंदुबाईंना पाठवते.

टाळ्या वाजल्या. एका बाईनं माझ्याबरोबर फोटो काढला. बादलीबरोबर काढायला हवा होता.

उशीर झाला. रतनकडं जाणं राहिलं.

३१ मार्च, रविवार

नम्रता उड्या मारत आली. सोसायटीला रोज आठ टँकर लागायचे, आता पाच. रोजचे तीन टँकर, मावशी! पोरांनी मला पेढा दिला. खाल्ला. गोड होता. उगाच कशाला खोटं बोलू, बरं वाटलं.

२ एप्रिल

रतनचा फोन. हळू आवाजात, मोरीतून बोलत असावी.

"आई, तुला दुसरी सोसायटी मिळाली नाही का?"

ते आठही टँकर हिंमतरावांचे होते.

खराडीत शंभर सोसायट्या असतील. माझं नशीब बरोबर तीच हुडकून काढतं. आणि मी! व्याह्यांचे टँकर खराडीत फिरतात हे ठाऊक असून एकदा विचारलं नाही, बाई, तुमच्याकडं पाणी आणतो कोण? दुनियेला अक्कल शिकवत फिरले, घरची विसरले.

७ एप्रिल, रविवार

हिंमतरावांनी स्वतः फोन केला. कधी करत नाहीत.

"विहीणबाई, लई भाषणं ठोकायला लागलाय म्हणं."

मी लाटणं खाली ठेवलं.

"न्हाई, चांगलं हाय. पोटावर पाय द्यायचा तर आपल्याच माणसानं द्यावा." मग पुढं, "पोरीचं इचारणार असाल. सातव्यात धाडायची का न्हाई, ते आजून ठरलं न्हाई. हितं बी दवाखाने हायेत की. हंडे बी हायेत."

शेवटचं वाक्य हसत म्हणाले.

८ एप्रिल

पोळ्या करपल्या. मेसच्या मुलींनी मुकाट्यानं खाल्ल्या.

११ एप्रिल, पाडवा

खराडीला गेले. खण, नारळ, साखरेची गाठी घेऊन.

विहिरीवर टँकरला नळी लावलेली होती. जरा लांब, बाभळीखाली, गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन बसलेल्या. सणाच्या दिवशी. त्यांची पाळी टँकरनंतर. पूर्वी हीच विहीर साऱ्या गावाची होती, आता फक्त वास येण्यापुरती त्यांची. रतन घरात नव्हती. त्या रांगेत होती, शेवटी. घरचीच म्हणून आधी घेतलं तर गाव बोलेल, म्हणून सासूबाई तिला शेवटी बसवतात. न्यायाचं घर आहे!

पोट दिसायला लागलंय. पाय सुजलेत.

हिंमतरावांनी चहा दिला. मग मुद्द्यावर आले. एकवीस तारखेला त्या सोसायटीत परत मिटिंग आहे. तिथं मी उभं राहायचं आणि सांगायचं, मशीनच्या वाया पाण्यानं फरशी खराब होती, अंगाला खाज येती, आमच्या पेठेत पोरं आजारी पडली. टँकरचंच बरं. "तुमचं ऐकत्यात त्या बाया. दुसऱ्या दिशी पोरगी घेऊन जावा. गाडी देतो मी."

मी हात जोडले. हो म्हटलं.

कुणापुढं मान खाली घातली नव्हती मी. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून दीर, मेसवाले, नळावरच्या बायका, सगळ्यांना उत्तरं दिली. आज उत्तर आलं नाही. आणि खरं सांगायचं तर शोधलंही नाही. गाडी मिळणार म्हटल्यावर मनात पहिलं आलं ते, सुजल्या पायांनी तिला बसचे धक्के नकोत.

वळले तर रतन दारात. हंडा खाली ठेवला होता. सगळं ऐकलेलं. तिनं मला पाणी आणून दिलं.

१२ एप्रिल

नम्रताला सांगितलं. वाटलं चिडेल. मी तयारीत होते, दोन-चार उत्तरं जुळवूनसुद्धा ठेवली होती.

म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा त्यांना पाहिजे ते. रतनताई आधी."

भांडली असती तर बरं झालं असतं. जुळवलेली उत्तरं आता कुणाला देऊ? उलट मीच ओरडले. म्हटलं, एवढी थंडीत चार-चार दिवस बसलीस ते काय उगाच? ती म्हणाली, "नाही. पण आमच्याकडे हंडे उचलून काय होते, मी पाहेल आहे." आणि ताट उचलून गेली.

१६ एप्रिल

इंदुबाईंच्या कानावर गेलंच. रात्री नीट झोप लागली नसेल त्यांना, सकाळी आधी माझं दार.

"लेकीसाठी खोटं बोललं तर पाप लागत नाही."

म्हटलं, शास्त्रात आहे वाटतं?

"ते आहे. पण लोक तुझ्या शब्दावर बादल्या मांडून बसलेत, त्यांच्याशी खोटं बोललं तर काय लागतं, ते शास्त्रात नाही. तुझं तू बघ."

लग्नापासून ह्या बाईशी भांडतेय. आज पहिल्यांदा वाटलं, हिनं थोडं थांबावं. थांबल्या नाहीत. मोरीकडे बघत गेल्या.

१९ एप्रिल

बाळंतिणीची खाट बांधून घेतली. डिंक आणला. दुपट्यांना जुनी लुगडी धुऊन वाळत घातली.

एकच वाक्य बोलायचंय. चारदा म्हणून बघितलं. तिखट वाक्यं कशी न बोलावता येतात, हे काही बसेना तोंडात.

२१ एप्रिल, रविवार

हॉल भरलेला. हिंमतराव मागच्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. उभी राहिले. म्हटलं, "मशीनच्या पाण्यानं—" पुढं जीभ उचलेना.

दारातून आवाज आला, "आई, तू खाली बस."

रतन. एकटी, रिक्षानं आलेली. पोट सावरत पुढं आली आणि माझ्या हातातला माईक घेतला. सगळं सांगितलं. विहीर दुपारी कशी आटते, बाभळीखाली कोण कोण बसतं, मागच्या साली चौथ्या महिन्यात हंडा कुठल्या कमरेवर होता. सासऱ्यांकडं बघत, एकदाही आवाज न चढवता, अहो-जाहो करत.

मग मला म्हणाली, "चल."

बॅग दाराशीच ठेवली होती.